गोऱ्यांचा भोपळा, आमची पणती

आई भरे नावाच्या गावी दवाखान्यात नर्स होती. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. मी पुण्याला मिशनच्या बोर्डिंगात सातवीत शिकत होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तर दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू चार पणत्या घेऊन दारात उभ्या. त्या बाळंतपणात अडल्या होत्या तेव्हा आई दोन दिवस त्यांच्या उशाशी बसून होती.

"बाई, समद्या आळीत उजेड अन् तुमचाच ओटा अंधारात, बरं न्हाई दिसत. तुमच्या देवाला चालतंय न्हवं?"

"उजेड त्याला न चालायला काय झालं?" असं म्हणून आईनं पणत्या ओट्यावर लावल्या.

पुण्याच्या ख्रिस्ती देवळातले पाळकसाहेब महिन्यातून एकदा यष्टीनं येऊन आमच्याकडे प्रार्थना घ्यायचे. नेमके त्याच संध्याकाळी आले आणि पायरीवरच थबकले.

"हे मूर्तिपूजकांचं काय मांडलंय? आधी विझवा."

"मी कुणाची पूजा केली? शेजारणीनं मायेनं दिल्यात. विझवणार नाही."

"असंच एकेक घरात शिरतं, बाई."

मला राहवेना. आठवड्यापूर्वीच बोर्डिंगात अमेरिकन मडमनं त्यांच्याकडच्या भुतांच्या सणाला लाल भोपळे कोरून त्यांना डोळे-दात काढले होते, आत मेणबत्त्या लावल्या होत्या. आम्ही मुली चादरी पांघरून भुतं झालो होतो आणि पाळकसाहेब खुर्चीत बसून हसत होते. मी सगळं बोलून टाकलं.

ते चपापले. "ती पोरांची गंमत."

"म्हणजे गोऱ्यांच्या भोपळ्यात दिवा लावला तर गंमत, आणि आमच्या पणतीत लावला तर पाप?" आईचा आवाज चढला. "बाळंतिणीवरून कोंबडं उतरायला आलेल्या भगताला याच गावात मी दारातून परतवून लावलंय. कशाला नाही म्हणायचं, ते मला कळतं."

प्रार्थना न घेताच ते माघारी फिरले. पुढे चिठ्ठी आली : माफी मागेपर्यंत देवळात प्रभुभोजनाची भाकर मिळणार नाही.

आई दर महिन्याला पुण्याच्या देवळात जायची आणि पहिल्याच बाकावर बसायची. भाकरीचं ताट तिला ओलांडून पुढे जायचं. मागे बोर्डिंगच्या मुलींत शरमेनं माझी मान वर होत नसे. शेवटी म्हटलं, "आई, नको ना येत जाऊस."

"घर देवबापाचं आहे. वाढो न वाढो, मी बसणार."

पाचव्या महिन्यात शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या विधवेनं आपला तुकडा मोडला आणि अर्धा सर्वांदेखत आईच्या तळहातावर ठेवला. पाळकसाहेबांनी पाहिलं. पुढच्या महिन्यात ताट आईसमोर थांबलं. माफीचं पुन्हा कुणी काढलं नाही, तिनंही मागितली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीला आईबरोबर घरी जाताना यष्टीत मी विचारलं, "एवढे महिने तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की," ती म्हणाली. "म्हणून काय उठून जायचं?"