पहिलं गाठोडं

तिवश्याहून, माझ्या गावाहून, निरोप घेऊन आलेला गाडीवान अकोल्याच्या जुन्या शहरात माझं घर शोधत दारात उभा राहिला, तेव्हा मी आंघोळ करून शाळेला निघालो होतो. "गंगूआत्या गेली, मास्तर. काल सकाळी," एवढंच तो म्हणाला. मी बडनेऱ्यापर्यंत आगगाडीनं, पुढे बैलगाडीनं गेलो, पण तोवर सारं आटोपलं होतं. या गोष्टीला महिना होत आला. तिची एक क्षमा मागायची राहिली होती... चार वर्षं राहिली होती!

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आली. अक्षरओळख नव्हती, पण शेतातला कापूस मोजायचा तो तिनंच. दिवस कलला की वेचणाऱ्या बाया आपापली गाठोडी अंगणात आणून टाकायच्या. गाडी भरायच्या दिवशी आत्या एकेकावर हात ठेवत मोजायची. पहिल्याला ती 'एक' कधी म्हणाली नाही. 'लाभ' म्हणायची, मग दोन, तीन... वीस झाली की ओट्यावर एक चिंचोका. असे पाच चिंचोके झाले की शंभर, हे मी तिला सांगितलं तर म्हणे, "शंभर तुह्या शाळेत असन. माह्याकडे पाच विसाच हायेत." तिच्या त्या ठसक्याचं मला हसू यायचं, रागही यायचा. वीस वर्षांचा शहाणा होतो ना मी!

तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. वडील बोंडाबोंडाचा हिशेब मागू लागले. एकदा सुटीत मी घरी होतो. आत्यानं चार विसा सांगितल्या, गाडी भरली. मी उगाच हुशारी दाखवायला गाडीवर चढून पुन्हा मोजली, तर एकोणऐंशी! वडील, अडत्याचा माणूस, साऱ्या बाया समोर होत्या. मी ओरडलो, "आत्या, तू एक चुकलीस!" वडील म्हणाले, "म्हंजे आजपर्यंत दर गाडीले एक कमीच गेलं काय?" आत्या चिंचोक्यांची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, "मंग आता तूच मोजत जाय, बापू." त्यानंतर तिनं काहीच मोजलं नाही. पोळ्यासुद्धा नाही.

खरं काय ते मला पुढच्या वर्षी कळलं, तेही वेचणाऱ्या लक्ष्मीबाईकडून. ते 'लाभ' म्हटलेलं पहिलं गाठोडं आत्या मोजायची, पण गाडीत चढवायची नाही. ते भिंतीकडे सरकायचं आणि जिच्या घरी कुणी आजारी असेल, बाळंतीण असेल, तिच्या घरी जायचं. चूक नव्हतीच कुठे. माझ्या हुशारीनंतर ते बंद झालं आणि लक्ष्मीबाईची ओली बाळंतीण सून पाचव्या दिवशी वेचायला आली. मी आत्याला विचारलं, "तेव्हाच काहून नाही बोललीस?" ती म्हणाली, "तुह्या बापासमोर सांगतलं असतं, तं गाठोडं राहिलं असतं काय?" तिथंच पाया पडायला हवं होतं. मी मान खाली घालून आत गेलो. पुढच्या सुटीत बोलू, दिवाळीत बोलू... असं करत राहिलो. मेल्या जिभेला काय कुलूप लागलं होतं, कोण जाणे.

तेरावा झाला. वेचणी चालूच होती आणि वडील आता थकले आहेत, म्हणून गाडी मी भरायला घेतली. आत्याची पिशवी काढली. बाया उभ्या होत्या. पहिल्या गाठोड्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "लाभ!" उचलून भिंतीशी ठेवलं. "ज्या घरी गरज असेल त्यांनी न्या," म्हटलं.

कुणी हललं नाही. शेवटी लक्ष्मीबाई पदर सावरत म्हणाली, "बाईनं चुपचाप देल्लं तं घेत होतो, मास्तर. तुमी चारचौघांत मोजलेलं हाये, तुमचंच ठेवा." आणि त्या सगळ्या निघून गेल्या.

मी अकोल्याला परत आलो. ते गाठोडं अजून भिंतीशीच आहे. उचलायला मी कुणाला सांगितलेलं नाही.