उन्हात बसायला नको म्हणून

मी एम.ए. इंग्रजीची प्रवेश परीक्षा दिली ती सावलीसाठी. हे सांगितलं की लोक हसतात. खुशाल हसावं, पण त्यात एक अक्षर खोटं नाही.

माझ्या मुलीनं शिरूरच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. पुण्यातल्या एका मोठ्या विद्यापीठात एम.ए. करायचं तिच्या डोक्यात होतं आणि तिथं परीक्षा देऊनच प्रवेश मिळतो. सराव व्हावा म्हणून तिनं आधी दुसरीच एक परीक्षा दिली. सोबत मी. केंद्र माळावरच्या एका कॉलेजात होतं. गेटबाहेर औषधालासुद्धा झाड नव्हतं. वॉचमन आत सोडेना, नळावर पाणी पिऊ देईना. भिंतीची सावली सरकेल तशी मी सरकत राहिले आणि सावली संपल्यावर डोक्यावर पदर घेऊन तशीच उन्हात बसले. घरी आल्यावर उलट्या सुरू झाल्या.

मुलीला फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मम्मी, तू पण बी.ए. इंग्लिशच आहेस ना? मेन परीक्षेला तुझाही फॉर्म भरते. आत एसीत बसून राहा गप."

मी बी.ए. आहे हे घरात बाकी कुणाच्या ध्यानातही नव्हतं. माहेर दौंडचं, वडील रेल्वेत, कॉलेज घरापासून चालत जाण्याएवढं. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि पंधरवड्यात लग्न होऊन मी न्हावऱ्याला आले. डिग्री ट्रंकेत गेली. इथं ऊस, कांदा आणि गाई. त्यानंतर इंग्रजी वाचायची ती खताच्या गोणीवर नाहीतर फवारणीच्या बाटलीवर. मुलीनं फॉर्म भरला तेव्हा मी सावलीपलीकडं कसलाच विचार केला नाही.

अभ्यास तिचा चालला होता. मी नुसती तिचे शब्द घ्यायचे. शेडमध्ये कांद्याची पात कापायला बसलो की मोबाइल घमेल्याला टेकवून ठेवायचा, मी शब्द विचारायचा आणि तिनं अर्थ सांगायचा. तिची पद्धत पाठांतराची. शब्द, त्याचा मराठी अर्थ, त्याच्या उलट शब्द, असं ती धडाधड म्हणायची. मला तसं काही डोक्यात राहीना, म्हणून मी प्रत्येक शब्द कुणाला तरी चिकटवून टाकला. फ्रुगल म्हणजे काटकसरी, ते आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे. साबणाची झिजलेली चिपटी नव्या वडीला चिकटवून वापरणारे. गॅरुलस म्हणजे बडबडी, ती शेजारीण. ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, ती आमची काळी गाय, भरल्या बादलीत बरोबर पाय घालणारी. न्हावऱ्यातली माणसं कमी पडायला लागली तेव्हा मी दौंडची काढली.

"मम्मी, तू खेळतीयेस," मुलगी वैतागायची. "पेपरात माणसं येणार न्हाईत, ऑप्शन येणार आहेत."

उताऱ्यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. ती मोबाइलवर घड्याळ लावून उतारा वाचायची, मग मला मोठ्यानं वाचायला लावायची, का तर ऐकून ध्यानात राहतं. एकदा एका दीपगृहाच्या राखणदाराचा उतारा आला. तो आजारी पडलेला, त्याची बायको रोज जिना चढून दिवा लावते, आणि पगार मात्र त्याच्याच नावावर जमा होतो. वाचता वाचता मी पात कापायची थांबले.

"पुढं त्या बाईचं काय झालं गं?"

"ते विचारलेलं नाही. लेखकाचा सूर कसा आहे ते विचारलंय. सांग."

"चिडलाय तो. पण दाखवत न्हाई."

तिनं उत्तर तपासलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा मोबाइलकडं बघितलं. "बरोबर आहे," म्हणाली. तिचं चुकलं होतं. मला आपली गंमत वाटली, बाकी काही नाही.

परीक्षेचं केंद्र दौंडजवळ आलं, दोघींचं एकच. गेटवर वॉचमन म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबायचं." मी माझं हॉल तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. तो एकदा फोटोकडं आणि एकदा माझ्याकडं बघत राहिला. आत तपासणीच्या मुलीनं जोडवी काढायला लावली, ती कितीतरी वर्षांत निघाली नव्हती, साबण लावून ओढून काढली. मग एक फिरती खुर्ची, समोर कॉम्प्युटर आणि वरून गार हवा. मी ठरवूनच आले होते, थोडा वेळ इकडंतिकडं बघायचं आणि मग डुलकी काढायची.

पण पहिला उतारा उघडला आणि मी वाचायला लागले. मग दुसरा. तिथं कुणी मला हाक मारत नव्हतं. चहा टाक म्हणत नव्हतं, गाडीची किल्ली कुठंय विचारत नव्हतं, पंप बंद करून ये म्हणत नव्हतं. लग्न झाल्यापासून इतका वेळ मला सलग कुणी हाक मारली नाही असं कधी घडलंच नव्हतं. पेपर संपला तेव्हा मी स्क्रीनकडं रागानं बघितलं, इतकी मी त्यात होते. बाहेर आल्यावर मुलीनं विचारलं, "झोपलीस का?" मी म्हटलं, "मस्त." मला खरंच मस्त वाटत होतं.

निकाल लागला त्या दिवशी आम्ही दोघी शेडमध्येच होतो. तिनं यादी उघडली आणि तिला रडूच फुटलं. मी घाबरून जवळ गेले. वेटिंग लिस्टमध्ये तिचं नाव पहिलं होतं. म्हणजे कुणी एकानं प्रवेश सोडला की ती आत. मी म्हटलं, "अगं मग रडतेस कशाला? कुणीतरी सोडणारच की."

तिनं बोटानं यादी वर सरकवली आणि मोबाइल माझ्याकडं केला. निवड झालेल्यांच्या यादीत, अगदी तळाला, माझं नाव होतं.

मी नाव वाचलं. मग नवऱ्याचं नाव वाचलं. मग आडनाव. यादी चुकली असेल म्हणून हॉल तिकिटाचा नंबर काढून ताडून बघितला. बरोबर होता. आनंद वगैरे काही झाला नाही, खरंच सांगते. सोन्याच्या दुकानात कुणाचा तरी हार चुकून आपल्या पिशवीत यावा आणि आपण पकडले जावं, तसं झालं. आम्ही एकाच घरातल्या, प्रवर्गही एकच. बाकीचं कुणी सोडेल याचा काय भरवसा? तिच्या आणि त्या जागेच्या मध्ये जगात एकच माणूस उभं होतं, आणि ते मी होते.

"काँग्रॅच्युलेशन्स मम्मी," ती म्हणाली आणि गोठ्याकडं निघून गेली.

आप्पांना सांगितलं तर त्यांना यात अडचण कुठं आहे तेच कळेना. सासूबाई महिला राखीव जागेवर सरपंच होत्या, तेव्हा सही त्यांची आणि कारभार सगळा आप्पांचा. "सीट घरातच हाय न्हवं?" ते म्हणाले. "मग झालं की. आडनाव एकच हाय. तुझ्या नावावर पोरगी बसंल वर्गात. कोण इचारतंय?"

मला आधी हसू आलं. मग मी यांच्याकडं, म्हणजे मुलीच्या पप्पांकडं बघितलं, तर हेही मान डोलावत होते. मी चाटच पडले. मुलगी ओरडली, "आप्पा, तसं चालत न्हाई, फोटो असतो!" तेव्हा आप्पांनी कुठल्या तरी पुढाऱ्याच्या माणसाला फोन लावला. त्यानं सांगितलं की नावावर बसता येत नाही, पण आईनं प्रवेश सोडला की जागा आपोआप मुलीकडं जाते. "बघ," आप्पा म्हणाले, "म्हटलं व्हतं ना, घरातच राहती." यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जेवणं झाली. शिरूरला कधी जायचं ते ठरलं. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मलाही ते त्या दिवशी खटकलं नाही. आई आहे मी. सोडणार म्हणजे सोडणारच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण दारात आली, पेढा हातात धरून. "लई भारी झालं बाई, पोरीनं नाव काढलं!" मी म्हटलं, पेढे कुणी वाटले? आप्पांनी. सगळ्या आळीत. काटकसरी माणसानं स्वतःच्या खिशातून पेढे आणले होते, नातीचा नंबर लागला म्हणून. पेढा मी तोंडात घातला आणि तो गिळेना. संतापच आला मला. कुणावर ते सांगता येईना, कारण पोरगी माझी, सासरे माझे, पेढेही आमचेच. मी दाराआड जाऊन पेढा थुंकला.

प्रवेश सोडायचा तर सही केलेलं पत्र स्कॅन करून चढवावं लागत होतं, म्हणून आम्ही दोघी शिरूरला एसटी स्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. माझं लॉगिन, माझा पासवर्ड, सगळं तिच्याकडं होतं, कारण फॉर्म तिनंच भरला होता. ती खुर्चीत बसली आणि मी मागं उभी राहिले. माझ्या नावासमोर दोन बटणं होती, एक प्रवेश स्वीकारण्याचं, एक सोडण्याचं.

दुकानदार पत्र स्कॅन करता करता म्हणाला, "मावशी, सोडताय? लोक ह्याच्यासाठी रडत्यात ओ."

मुलीनं सोडण्याचं बटण दाबलं. तर लगेच सुटका नाही, आधी कारण विचारलं. खाली एक यादी उघडली आणि तिच्यातलं एक निवडायचं होतं. तिनं मान न वळवता विचारलं, "मम्मी, कारण काय टाकू?"

मी पुढं वाकून यादी वाचली. दुसरीकडं प्रवेश मिळाला. नव्हता मिळाला. आजारपण. नव्हतं. आर्थिक अडचण. तसं काही नव्हतं. मुलीला हवंय, असं त्यात कुठं लिहिलेलंच नव्हतं. शेवटचं कारण होतं, उमेदवाराची इच्छा नाही. मुलीनं तेच निवडलं.

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. आणि माझ्याच तोंडून शब्द आले, "हे खोटं हाय."

"अगं, नुसतं टाकायचं असतं. कोण वाचतंय?"

"मी वाचलं ना."

"मम्मी, काहीतरी टाकावंच लागतं."

"पण मला इच्छा हाय," मी म्हटलं.

दुकानदाराचा हात स्कॅनरवर तसाच राहिला. मुलगी खुर्चीसकट वळली. तिच्यापेक्षा मीच जास्त हादरले होते. मी टेबलाचा कोपरा धरला. आयुष्यात मी हे वाक्य कुणापुढं बोललेच नव्हते, आणि बोलले ते पोटच्या पोरीच्या तोंडावर. वाटलं, आता हसून वेळ मारून न्यावी, चल टाक म्हणावं. तसं म्हणायचा प्रयत्नही केला, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "दौंडला मामाकडं राहीन. तिथनं रेल्वेनं पुण्याला जाईन. मला वाचायचंय गं. तू पुढच्या वर्षी पुन्हा बसू शकतीस. मला परत कोण फॉर्म भरून देणार हाय?"

"तू खरंच बोलतीयेस?"

"व्हय."

तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं होतं, तू सोडशील," ती म्हणाली. "एकदाही वाटलं न्हाई, की तू सोडणार न्हाईस."

हे मात्र मला आप्पांच्या पेढ्यांपेक्षा जोरात लागलं. आप्पांकडून दुसरी अपेक्षा नव्हती. पण ही शिकलेली, माझ्याबरोबर उतारे वाचलेली, माझ्यासाठी सावली शोधणारी, हिलाही आई म्हणजे सोडणारी बाईच वाटत होती. आणि मीच तर तिला तसं वाटू दिलं होतं.

ती उठली आणि दुकानाबाहेर गेली. रिकाम्या खुर्चीत मी बसले. माउस धरायला मला नीट जमत नव्हतं, बाण सारखा भलतीकडं पळत होता. दुकानदार मदतीला पुढं आला, त्याला मी नको म्हटलं. मागच्या पानावर आले, स्वीकारण्याच्या बटणावर बाण नेला, आणि दाबलं.

बाहेर ती एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून उभी होती.

"दाबलंस?"

"दाबलं."

ती रडायला लागली, सगळ्या लोकांत, लहानपणी रडायची तशी हमसून. मलाही रडू येत होतं. पदरानं तिचं तोंड पुसावं, मी चुकले म्हणावं, आत जाऊन सगळं उलटं करून यावं, असं हजारदा वाटलं. न्हावऱ्याची गाडी लागायला अजून अवकाश होता. मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले, तिचा हात धरला, तिनं तो सोडवून घेतला, मी पुन्हा धरला. पण मी चुकले असं काही मी म्हणाले नाही.