मालकाच्या जागी बाबा

कुणी ‘खास तुमच्यासाठी कमी केलंय’ म्हटलं की मी पर्स घट्ट धरते. सुलतान बाजारात कापड घेत वाढलेली बाई मी, ही सवय जायची नाही. म्हणून काका गाडीचा एवढा स्वस्त विमा घेऊन आले, तेव्हा मनात शंकेची पाल चुकचुकलीच.

काका म्हणजे बाबांचे ऑफिसातले दोस्त, आता विम्याचे एजंट. बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली, तरी काका दर साली आमच्या काचीगुड्याच्या घरी येऊन पॉलिसी देतात, चहा पितात, जातात. यंदा मी आधीच फोनवर स्वतःचं नाव टाकून चार ठिकाणचे भाव काढले होते. सगळे महाग.

“काका, तुमचाच एवढा स्वस्त कसा?”

“तुझ्या बाबांनी कधी क्लेम घेतला नाही ना. त्याची सूट आहे.”

“आणि मी चालवताना काही झालं तर?”

त्यांनी शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. “कुछ नै होता बेटा.”

झालं. ‘कुछ नै होता’ म्हणणाऱ्यावर मी या शहरात कधीच विश्वास ठेवलेला नाही. कागद ओढून घेतला. मालकाच्या जागी बाबांचं नाव. अपघातात मालकाला काही झालं तर भरपाई, तीही बाबांनाच. गाडी मी चालवते, घरात कमावती मी एकटी, नवरा नाही, पोरगी अजून कॉलेजात. आणि विमा कुणाचा, तर गेलेल्या माणसाचा! तेराव्याला आमच्याकडे जेवून गेलेला हा माणूस, याला ठाऊक नव्हतं?

दुसऱ्या दिवशी तडक कोठीला कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब माझ्या गळ्यात आणखी काय मारतोय, याच धास्तीने समोर बसले. पण त्याने काही विकलं नाही. “मालक वारलेत तर ही पॉलिसी ऐनवेळी कामाची नाही, अम्मा,” तो म्हणाला. “आधी गाडी तुमच्या नावावर करा. वडिलांची सूट वारस म्हणून तुम्हाला मिळेल.”

म्हणजे पैसे वाचवायलासुद्धा बाबांचं नाव ठेवायची गरज नव्हती. काकांचा कसला तरी डाव आहे, याची मला खात्रीच पटली. बाहेर येऊन फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“आईला विचार,” एवढंच म्हणाले.

घरी आले तर आई अंबाडी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “मीच सांगितलं त्यांना, नाव राहू द्या म्हणून.”

“का पण?”

“गॅस तुझ्या नावावर झाला. लाइट बिल माझ्या. बँकेत, पेन्शनीत, जिथं तिथं त्यांच्या नावामागे कैलासवासी लावून झालं. एवढा एक कागद उरलाय, जिथं वर्षातून एकदा ते असल्यासारखे लिहिले जातात.”

आईवर ओरडू की तिच्याजवळ बसू, कळेना. शेवटी गाडी माझ्या नावावर करायला लागणारा, वारसाच्या संमतीचा कागद तिच्यापुढे ठेवला.

तिने हात पदराला पुसले. “मला एक सांग. उद्या गाडीत तुला काही झालं, तर त्यांच्या नावाच्या पॉलिसीवर तुझ्या पोरीला काय मिळेल?”

“काही नाही.”

तिने संमतीचा कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, “खोड त्यांचं नाव.”