साहेबांचा तळहात

साहेब कॉम्प्युटर रूममध्ये आले की आधी पडद्याकडे बघत नसत. मॉनिटरच्या मागे जात, त्याच्या पाठीवर तळहात ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "तापलंय रं लय." मग तोच हात माझ्या कपाळावर. "ह्ये बी तापलंय. ऊठ."

आता हसू येतं, पण तेव्हा मला भारी राग यायचा. तुम्हीच सांगा, प्रोग्रॅम ऐन रंगात आलेला असताना कुणी असा ताप बघायला लागलं तर काय करावं?

कडेगावच्या बाजूचा एक साखर कारखाना. नव्वदच्या दशकात तिथं कॉम्प्युटर आले. त्यांना सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून संचालकांनी ऊस पिळणाऱ्या मिल विभागातले हे इंजिनिअर उचलून आमच्या खोलीत आणून बसवले. मशीन ते मशीन, एवढाच विचार! उभ्या नोकरीत बेअरिंगला हात लावून मिलची तब्येत ओळखलेला माणूस, त्याची सवय थोडीच सुटणार? प्रोग्रॅमिंगमधलं आपल्याला काही कळत नाही, हे ते एमडींसमोरही बिनदिक्कत सांगत. "त्ये ह्या पोराला इचारा. मी फकस्त त्याला जळू देत न्हाई."

पोरगा म्हणजे मी. सांगलीहून डिप्लोमा करून आलेला आणि फॉक्सप्रोमध्ये प्रोग्रॅम लिहायची नशा चढलेला. पहिल्या हंगामात वजनकाट्याच्या प्रोग्रॅमशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. जेवणाचा डबा कीबोर्डशेजारी उघडायचा आणि कधी कधी तसाच बंद व्हायचा. संध्याकाळचा भोंगा वाजला की साहेब दारात हजर.

"एवढं संपवतो, साहेब."

"आरं, कारखानाबी सा म्हैनं चालतो. तू बारा म्हैनं चालणार हायस व्हय?"

मी मान डोलवायचो आणि परत बोटं चालवायला लागायचो.

दुसऱ्या उन्हाळ्यात गाळप थांबलं आणि माझ्यातलंही काहीतरी थांबलं. सकाळी मशीन सुरू करायचो आणि नुसता बघत बसायचो. मीच लिहिलेला कोड मला परक्याचा वाटायचा. नेमकं तेव्हाच ऊसनोंदीचं काम डोक्यावर आलेलं. कुणाचा ऊस कधी तोडायचा, हे पुढच्या हंगामापासून कॉम्प्युटरवर ठरणार होतं. दसऱ्यापर्यंत प्रोग्रॅम झाला नाही तर हा विभागच गुंडाळू, असं एमडींनी बजावलं होतं. मला घाम फुटायचा, पण एक ओळ सुचायची नाही. खरं सांगतो, फार घाबरलो होतो. वाटलं, आपल्यात जे काही होतं ते एवढंच होतं, संपलं.

शेवटी एक दिवस साहेबांना सांगून टाकलं, "मी जातो. सांगलीत मामाचं हळदीचं दुकान आहे, तिथं बसतो. मला आता हे जमत नाही."

साहेब माझ्या दंडाला धरून थेट मिल हाऊसमध्ये घेऊन गेले. हंगामात जिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, तिथं चिमण्या चिवचिवत होत्या. मिल पार खोललेली. रोलर बाहेर काढून ओंडक्यांवर ठेवलेले, आणि ग्रीसच्या हातांनी फिटर चहा पीत बसलेले.

"मोडलीय व्हय रं ही?" साहेबांनी विचारलं.

"नाही. ओव्हरहॉलिंग चाललंय."

"मग तूच कसा काय मोडलास?"

"साहेब, मी माणूस आहे, मिल नाही."

"व्हय की! मिलला तरी सवड देत्यात. तू सोताला तेवढीबी दिली न्हाईस."

मला रडूच आलं, तेही सगळ्या फिटर लोकांसमोर. त्यातल्या एकानं काही न विचारता स्वतःची चहाची बशी माझ्यापुढं केली.

त्या दिवसापासून भोंगा वाजला की खोलीला कुलूप आणि किल्ली साहेबांच्या खिशात. मला ते कॉलनीच्या व्हॉलीबॉलच्या मैदानावर न्यायचे. स्वतः भयानक खेळायचे. पोट पुढं आणि चेंडू मागं! सर्व्हिस नेटमध्ये गेली की दर वेळी, "वारा हाय रं!" झाडाचं पान हलत नसायचं. तिथून त्यांच्या घरी जेवायला. काकू गरम भाकरी ताटात टाकत विचारायच्या, "आज बी ह्यांनीच गेम घालवला न्हवं?" मी हसायचो. आणि किती दिवसांनी पोटात भूक लागतेय, हे माझ्या लक्षात यायचं.

दरम्यान एमडींनी साहेबांना बोलावून झापलं. हे मला पुढं एमडींच्या टायपिस्टकडून कळलं. काम अर्धवट असताना खोलीला कुलूप कसं, असा सवाल होता. साहेब म्हणाले होते, "कुलूप मी लावलंय. काम झालं न्हाई तर मला परत मिलवर धाडा. पोराला काय बोलायचं न्हाई." मला मात्र त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. त्या संध्याकाळीही वाऱ्यालाच नावं ठेवत खेळले.

श्रावणातल्या एका सकाळी बसलो आणि हात चालू लागले. पहिली नशा नव्हती, ती पुढंही कधी आली नाही. पण भोंग्यापर्यंत मन लावून काम व्हायचं आणि भोंग्यानंतर ते डोक्यात घोळायचं नाही. दसऱ्याला प्रोग्रॅम चालला. एका शेतकऱ्याचं नाव यादीत दोनदा आलं. मी ओशाळलो, तर साहेब म्हणाले, "आसूं दे, तेवढंच त्याला बरं वाटंल."

पुढं मी साताऱ्यात स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं. निवृत्तीनंतर साहेब एकदा काकूंना घेऊन पाचगणीला निघाले होते, तेव्हा वाट वाकडी करून आले. मी खुर्ची पुढं केली, पण बसले नाहीत. सरळ मॉनिटरच्या मागं गेले. मग माझ्या कपाळावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ. "गार हाय गड्या," म्हणाले, आणि काकूंकडे वळून परत तेच सांगितलं, "गार हाय ह्येचं."

ती शेवटची भेट. पुढच्या हंगामाच्या आतच ते गेले. आजवर मी हे काम करतोय, आणि आवडीनं करतोय, ते त्या माणसामुळं. हे त्यांना तोंडावर सांगायचं राहूनच गेलं.

आता मॉनिटर पातळ झालेत, त्यांना धड पाठही राहिली नाही. तरी संध्याकाळी काम आवरताना माझा हात सवयीनं मागं जातो. ऊब अशी काही लागत नाही. मग तोच हात मी कपाळावर ठेवतो.

गार आहे, साहेब. उठतो.