झऱ्याचा फोटो

माझा स्वभावच संशयी, त्याला मी काय करू? होनोरिनाच्या पाठातून फोटो नाहीसा झाला तेव्हा मी थेट लेओबार्दो सरांकडे बोट दाखवलं.

आम्ही दोघी मिखे जमातीतल्या, मेक्सिकोतल्या वाहाकाच्या डोंगरात मास्तरकी शिकणाऱ्या. सर शहरातून आलेले, संगणक शिकवायला. पहिल्याच तासाला म्हणाले, "पासवर्ड आईलासुद्धा सांगायचा नाही." आईलासुद्धा! असल्या माणसावर कोण भरवसा ठेवेल?

होनोरिनाने मात्र मन लावलं. सुरुवातीला माउस धरताना घाम फुटायचा तिला, पण मागे हटली नाही. तिला स्वतःच्याच गावात शिकवायचं होतं. तिथे येणारा प्रत्येक मास्तर पोरं मिखेत बोलली की त्यांना दटावायचा, तीही मार खाऊनच मोठी झालेली. शेवटच्या परीक्षेला आपल्या भाषेतला एक पाठ फोटोसकट संगणकावर तयार करायचा होता, आणि शुक्रवारी तो सगळ्या जगाला खुला होणार होता. तिने गावच्या झऱ्यावर केला. बाई गं, काय देखणा केला होता!

बुधवारी फोटो गायब. तिने परत लावला. गुरुवारी परत गायब. शुक्रवारी सकाळीही तेच.

"सरच काढतायत. तुला नापास करायचा डाव आहे," मी म्हटलं.

"उगाच काहीतरी तुझं."

"मग भुताने काढला का?"

तिला ओढतच सरांकडे नेलं. ते उलट आमच्यावरच उखडले. "पासवर्ड कोणाला दिलास?"

"कोणाला नाही सर. फक्त गावाला."

"गावाला?"

"गावचा पाठ आहे ना. गावसभेला विचारल्याशिवाय कसा करणार?"

सरांनी कपाळावर हात मारला. तिने तिथूनच फिदेन्सिओ काकांना फोन लावला. काका यंदा सभेचे चिटणीस.

"हो, आम्हीच काढला," काका म्हणाले. "तूच म्हणालीस ना, सगळं जग बघेल? खाणवाले आधीच पाण्यासाठी घिरट्या घालतायत पोरी. झरा कुठाय ते आपणच दाखवायचं होय?"

"काका, फोटो नसला तर..."

"तर काय?"

"काही नाही. कोंबड्या कशा आहेत?"

सर म्हणाले, "झऱ्याच्या पाठाला झऱ्याचाच फोटो लागतो. नियम वरून आलाय. संध्याकाळपर्यंत लाव, नाहीतर वर्ष गेलं."

मी तिच्या कानात म्हटलं, "लाव गं. पास झालीस की काढून टाक."

तिने सरांना विचारलं, "सर, एकदा खुला झाला की मागे घेता येतो?"

खोटं बोलले असते तर पोरगी पास झाली असती.

"नाही," ते म्हणाले. "कोणी उतरवून घेतला की गेलाच तो."

त्या माणसावर पहिल्यांदाच माझा विश्वास बसला, आणि संतापही आला. होनोरिनाने स्वतःच्या फोनमधूनही तो फोटो पुसला.

माझी नेमणूक झाली ती नेमकी तिच्याच गावात. निघताना ती म्हणाली, "गावात काही बोलू नकोस हं. काकांच्या जिवाला लागेल."

सभेने मला पहिल्याच दिवशी उभं केलं. काकांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आमची होनोरिना का नाही आली?"

"शहरात रमली असेल," मागून कोणीतरी म्हणालं. "चार बुकं शिकल्यावर गाव कोणाला आठवतं?"

बायका हसल्या. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

"येईल पुढच्या वर्षी," मी म्हटलं.

काकांनी डोळे बारीक केले. "मास्तरीणबाई, तुम्ही आमच्यापासून काहीतरी लपवताय."