उजव्या पायाच्या चपला

कांद्याच्या ट्रॉलीखाली येऊन माझा उजवा पाय गुडघ्यापासून गेला, आणि त्या दिवसापासून जो तो मला उचलायला टपलेला. ओट्यावरून उतरायचं म्हटलं की काखेत हात आलाच. एसटीत तर ओळखदेख नसलेली माणसंसुद्धा मला पोत्यासारखं वर ओढायची. भेटायला येणारे ‘दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या पावलानं’ असं म्हणत चहा पिऊन जायचे. पाय कुणाच्या पावलानं परत येणार, ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

येडगावच्या धरणात ट्यूबवर बसून मासे धरायचे, हा माझा लग्नाआधीपासूनचा नाद. ट्रकची जुनी ट्यूब, मधल्या भोकात दोरीची विणलेली बैठक, पाय पाण्यात आणि हातात गळाची दोरी. पायांनी पाणी मारलं की ट्यूब हवी तिकडं जाते. दवाखान्यातून मी घरी आलो, तेव्हा थोरल्या भावानं तिची हवा काढून ती माळ्यावर फेकून दिलेली होती. रस्त्यावर त्याचं पंक्चरचं दुकान आहे, त्यामुळं हवा सगळी त्याच्याच ताब्यात. पाण्याचं नाव काढायचं नाही, दुकानात खुर्चीवर बसायचं आणि गिऱ्हाईक आलं की हाक मारायची, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याची माया मला कळत होती. पण त्या खुर्चीचा मला मनापासून राग होता.

फाल्गुन लागला. पहाटेचा गारठा ओसरला की उथळावरचं पाणी कोमट होतं आणि चिलापी मासळी काठाला यायला लागते. हे दिवस घरात बसायचे नव्हेत. भाऊ दुकानात गेल्यावर मी बायकोला ट्यूब खाली काढायला लावली आणि शेजारचा सायकलचा पंप आणून भरत बसलो. घामाघूम झालो, पण भरली. जाताना बायकोनं भाकरी तेवढी बांधून दिली. ट्यूब गळ्यात अडकवून, कुबडी टेकत मी धरण गाठलं.

पहिल्या दिवशी माझी पुरती फजिती झाली. एका पायानं पाणी मारलं की ट्यूब घाण्याच्या बैलासारखी जागच्या जागी गोल फिरायची. काठावर धुणं धुणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी चिडलो, हातांनी पाणी उपसत कसाबसा काठाला आलो आणि चिखलातून ढुंगणावर सरकत बाहेर निघालो.

घरी दाराशी चपला पडल्या होत्या. दुकानदार काही एक चप्पल विकत नाही. अपघातानंतर माझ्या डाव्या दोन झिजून गेल्या होत्या, उजव्या दोन कोऱ्याच्या कोऱ्या. दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही मी हातांत घातल्या, गळाची दोरी डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधली आणि वल्हवायला लागलो. ट्यूब सरळ गेली. मी मोठ्यानं हसलो, एकटाच.

दुपारपर्यंत पिशवीत तीन चांगल्या चिलाप्या पडल्या. मासा लागला की अंगठ्याला हिसका बसायचा आणि त्या हिसक्यानं सगळं अंग जागं व्हायचं. त्या नादात वारा कधी सुटला ते कळलंच नाही. तो मला ढकलत ढकलत पार पलीकडच्या काठाजवळ घेऊन गेला. माझी कुबडी राहिली अलीकडं, चिखलात रोवलेली.

कुणीतरी भावाला कळवलंच होतं. तो गाडीवर आला, कुबडी उपटली आणि पाण्याला वळसा घालून माझ्या आधी पलीकडं जाऊन उभा राहिला. पॅन्ट वर दुमडून गुडघाभर पाण्यात उतरला आणि दोन्ही हात पुढं केले.

“चल, धर हात. लई झालं आता.”

दोन हात मारले असते तर काठ होता. दंड दुखत होते, माघारी जाताना वारा तोंडावर येणार होता. त्याचा हात धरला तर मी गाडीवर बसून घरी जाणार होतो, हे मला कळत होतं. आणि उद्यापासून खुर्ची.

“दादा,” मी म्हणालो, “जिथनं उतरलो तिथंच निघणार. कुबडी माघारी नेऊन ठेव.”

त्यानं मला मूर्ख म्हटलं, बुडशील म्हणाला, बायकोचं नाव घेतलं. मी ट्यूब वळवली.

वाऱ्याच्या तोंडी वल्हवताना हात भरून आले. दमलो की वारा पुन्हा मागं लोटायचा. मध्ये एकदा मी घाबरलो, हेही सांगतो. पण मागं वळून पाहिलं नाही. ऊन कलायला आलं तेव्हा काठ आला. भाऊ तिथं दगडावर बसला होता. कुबडी त्यानं होती तिथंच परत रोवली होती.

मी ट्यूब चिखलात लोटली आणि बसल्या बसल्या सरकायला लागलो. तो अर्धवट उठला. मी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो पुन्हा खाली बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मी कुबडीपर्यंत पोचून उभा राहीपर्यंत त्यानं ते काढले नाहीत.