आज धुकं उठंना

पाचगणीच्या पठारावर अब्बा टुरिस्टांचे फोटो काढतात. माणसाला घोड्यावर बसवायचं, डोक्यावर टोपी ठेवायची, मागं दरी. पावसाळा सरताना धुकं असलं की कसली दरी अन् काय! सगळं पांढरं. पण अब्बा गिऱ्हाईक सोडतील तर शपथ. "साहेब, मागं दरी हाय, समजून घ्या," म्हणायचे आणि माणसं खुशाल हसत उभी राहायची. लहानपणी मला वाटायचं, दरी अब्बांच्या ऐकण्यातली आहे. ते बोलावतील तेव्हा येते.

त्यांची ही पोर डॉक्युमेंटरी फोटोग्राफीत एम.ए. करायला पुण्याला गेली. तिथला पहिला धडा असा, की कुणाला उभं राहा म्हणायचं नाही, हस म्हणायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. आपण तिथं नाहीच असं समजायचं. अब्बांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग शिकवत्यात काय गं?"

शेवटच्या प्रोजेक्टला मी अब्बांनाच निवडलं. प्रत्येकाच्या खिशात फोन आलाय, तरी हा माणूस रोज कॅमेरा गळ्यात अडकवून वर जातो, ते मला टिपायचं होतं. ते दिवस अजून स्वप्नात असल्यासारखे आठवतात. लाल माती ओली, भाजलेल्या कणसांचा वास. आधी घुंगरू ऐकू यायचे, मग पांढऱ्यातून हळूच घोडा निघायचा. घोडेवाले चाचा अब्बांचे जुने सोबती, ते लगाम धरून चालायचे. कणीसवाली मावशी रोज हाक मारायची, "आज लय धुकं हाय वो!" मी गुमान त्यांच्या मागून फिरत राहायचे.

मग एका सकाळी लख्ख ऊन पडलं. खाली धरणाचं पाणी चमकत होतं. एक नवं जोडपं आलं. अब्बांनी त्यांना उभं केलं आणि म्हणाले, "मागं दरी हाय, समजून घ्या. आज धुकं उठंना बघा."

जोडप्याला वाटलं चेष्टा आहे, दोघं खळखळून हसली. मीही हसले असते. पण चाचा हसले नाहीत. त्यांनी अब्बांचा खांदा धरून त्यांना जोडप्याकडं नीट वळवलं आणि माझी नजर चुकवली. मावशी उन्हात बसून ओरडली, "व्हय, लय धुकं हाय!"

म्हणजे अख्ख्या पठाराला ठाऊक होतं. मिरजेला जाऊन डोळे दाखवा, असं अम्मी कधीची म्हणत होती. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. सांगलीच्या बडे अब्बांचा, म्हणजे अब्बांच्या थोरल्या भावाचा, एक डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला. तेव्हापासून डॉक्टरचं नाव काढलं तरी अब्बा उठून जायचे. डोळे जातील तर जाऊ देत, पण त्या टेबलावर झोपणार नाही, असा हट्ट.

माझ्या कॅमेऱ्यात तेव्हा अब्बा होते आणि त्यांच्यामागं सगळी दरी. असा फोटो जन्मात एकदा मिळतो. मला रडू आलं आणि संतापही आला. अब्बांचा, चाचांचा, त्या शहाण्या धड्याचा. चुलीत जाऊ दे तो धडा! जोडपं गेलं तशी मी म्हणाले, "अब्बा, ऊन पडलंय."

ते सदऱ्याच्या टोकानं लेन्स पुसत राहिले.

"लख्ख?"

"लख्ख."

"मग सांग, काय काय दिसतंय?"

मी सांगत गेले. पाणी कुठवर आलंय, शेतांचे हिरवे तुकडे, घाट चढणारा एक टेम्पो. अब्बा रेडिओ ऐकावा तसे मान कलती करून ऐकत होते.

"अन् मी कसा दिसतोय?"

"म्हातारे."

"गप गं." मग ते ताठ उभे राहिले, कॅमेरा छातीवर नीट केला. "काढ माजा फोटू. दरी पुरी आली पायजे."

"अब्बा, हसा," मी म्हणाले. ते हसले.

"मागं दरी हाय न्हवं?"

"आहे अब्बा."

"मग जपून ठेव. मिरजेहून आलो की बघतो, खरं बोललीस का खोटं."